एकोणीस एकांची मूळ संख्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये रविवारी सकाळी आमची गणिताची एक छोटी बैठक भरते. काही शिक्षक, दोन-तीन निवृत्त इंजिनिअर आणि आठवीपासून पुढची मुलं असा सगळा मेळ असतो. तिथे एका संख्येवर इतक्यांदा तेच प्रश्न येतात की उत्तरं एका जागी लिहून ठेवलेली बरी. नव्याने येणाऱ्यांनी हे आधी वाचून यावं, म्हणजे पुढच्या गप्पांना वेळ उरतो. दहावीपर्यंतचं गणित आलं तर बहुतेक भाग समजेल. सिद्धतेचा भाग मात्र कागद-पेन्सिल घेऊन वाचा.

ही संख्या नेमकी कोणती?

१ हा अंक ओळीने एकोणीस वेळा लिहा: ११,११,११,११,११,११,११,११,१११. दुसऱ्या रीतीने सांगायचं तर दहाच्या एकोणिसाव्या घातातून १ वजा करा, म्हणजे एकोणीस नऊ मिळतात. त्यांना ९ ने भागा. पुढे लिहायला सोपं जावं म्हणून पाच एकांच्या संख्येला ए(५), एकोणीस एकांच्या संख्येला ए(१९) असं म्हटलं आहे. अशा संख्यांना जगभर रेपयुनिट म्हणतात.

ती वाचायची कशी?

शेवटचे नऊ अंक सोपे आहेत: अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. गंमत त्याच्या डावीकडे आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त स्थानांची जी नावं दिली आहेत ती एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. मोजली तर अठरा भरतात. आपली संख्या एकोणीस अंकी, म्हणजे यादी संपल्यावर एक अंक उरतोच. त्यामुळे सुरुवात ‘अकरा परार्ध’ अशी करावी लागते आणि मग एक मध्य, एक अंत्य, एक जलधी करत खाली उतरायचं. मुलांना हे मोठ्याने वाचायला फार आवडतं.

(भास्कराचार्य आपल्यापासून लांब नाहीत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात आहे. मनमाडवरून गाडी तिकडेच जाते.)

मूळ संख्या आहे म्हणजे काय?

१ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही.

मग एकांच्या सगळ्याच संख्या मूळ असतात का?

अजिबात नाही. ११ मूळ आहे म्हणून पुढेही तसंच असेल असं वाटतं आणि लगेच फजिती होते. १११ म्हणजे ३ × ३७. ११११ म्हणजे ११ × १०१. १११११ म्हणजे ४१ × २७१. सात एकांची संख्या २३९ × ४६४९. अकरा एकांची २१६४९ × ५१३२३९. तेरा एकांचे अवयव ५३, ७९ आणि २६५३७१६५३. सतरा एकांची संख्या तर चांगलीच दमवते: २०७१७२३ × ५३६३२२२३५७. दोन एकांनंतर थेट एकोणीस एकांपर्यंत एकही मूळ संख्या भेटत नाही.

एकांची मोजणी संयुक्त असेल तर संख्या मूळ असणं शक्यच नाही. सहा एकांचे दोन-दोनचे तीन गट पाडा: ११ × १०१०१. तीन-तीनचे दोन गट पाडा: १११ × १००१. गट पाडता आले की अवयव मिळालाच. म्हणून मोजणी मूळ हवी. ती मूळ असूनही काम होईलच असं नाही, हे ३, ५, ७, ११, १३ आणि १७ या सहा उदाहरणांत दिसलंच.

पाचशेच्या नोटेवर ११११११ असा नंबर आला तर?

हा प्रश्न नाशिकरोडच्या प्रत्येक मुलाला पडतो, कारण घरातलं किंवा शेजारचं कोणीतरी नोट प्रेसमध्ये असतंच. भारतीय नोटेवर आधी तीन अक्षर-अंकांचा उपसर्ग आणि मग सहा अंक असतात. त्यामुळे ११११११ पर्यंतच मजल जाते. ए(६) ही मूळ तर नाहीच, उलट तिचे अवयव भरपूर आहेत: ३ × ७ × ११ × १३ × ३७. संग्राहक अशा नोटेला जास्त पैसे देतात ते दिसण्यासाठी. गणिताला त्याचं कौतुक नाही.

या संख्येच्या चर्चेत कापरेकर मास्तर का येतात?

कारण नाशिककर एकांच्या संख्येबद्दल बोलतोय आणि दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं नाव घेत नाही, असं होऊ नये. जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवलं आणि १९८६ साली देवळालीतच वारले. गणितात पदव्युत्तर शिक्षण नाही, हाताशी संशोधनसंस्था नाही. १९७५ साली अमेरिकन गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि मग बाहेरच्या जगाला देवळाली कळली.

त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे ती ६१७४, म्हणजे कापरेकर स्थिरांक. ती मूळ नाही, सम आहे: २ × ९ × ३४३. पण एकांच्या संख्यांशी त्यांचा थेट संबंध आहे तो डेम्लो संख्यांमधून. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. ही चढण-उतरण त्यांनी अभ्यासली आणि जिथे ती कल्पना सुचली त्या डोंबिवली स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून नाव ठेवलं डेम्लो.

व्हॉट्सॲपवर येतं की एकांच्या कोणत्याही संख्येचा वर्ग असाच सुंदर येतो. खरं का?

नऊ एकांपर्यंत खरं. १२३४५६७८९८७६५४३२१ पर्यंत सगळं छान चालतं. दहाव्या एकाला मधल्या स्थानात दहा साठतात, हातचा पुढे जातो आणि नक्षी मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडे आठ गायब, मधे दोन शून्यं. ए(१९) चा वर्ग म्हणजे डोंबिवलीच्या नक्षीचे नुसते अवशेष. तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे एकदा गुणून पाहावं.

ही ‘देवळाली संख्या’ आहे का?

मस्त प्रश्न, आणि हाताने सुटतो. कापरेकरांनी असं केलं: कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ घेतली तर २३ + २ + ३ = २८. इथे २३ ही २८ ची जनक. ज्या संख्येला जनकच नाही ती स्वयंभू. तिलाच देवळाली संख्या असंही म्हणतात. २० ही अशी एक.

ए(१९) ला जनक आहे का? जनकाच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त १७१ असू शकते, म्हणून जनक असला तर ए(१९) च्या अगदी खाली, १७१ च्या अंतरात असणार. समजा शेवटचे तीन अंक बदलले आणि त्याआधीचे सोळा एक तसेच राहिले. त्या शेवटच्या भागाला ‘ट’ म्हणू. मग ट, ट च्या अंकांची बेरीज आणि सोळा मिळून १११ व्हायला हवेत. म्हणजे ट आणि त्याच्या अंकांची बेरीज मिळून ९५. हे फक्त ७९ ला जमतं: ७९ + १६ = ९५. सोळाव्या एकातून उसना घ्यावा लागला तर काय, हेही तपासून पाहा. तिथे गणित जुळत नाही. तेव्हा जनक एकच: सोळा एक आणि त्यापुढे ०७९. अंकांची बेरीज ३२. मिळवून बघा.

म्हणजे आपली संख्या देवळाली संख्या नाही. बैठकीत काहींना याचं वाईट वाटतं. मला उलट ०७९ शोधण्यात जास्त मजा वाटते.

हर्षद संख्या तरी?

नाही. हर्षद संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जायला हवा. इथे बेरीज १९, आणि १९ ने भागल्यावर बाकी १ उरते. तसंही मूळ संख्येला १९ ने भाग जाणार कसा? पण ती उरलेली बाकी १ लक्षात ठेवा, पुढे ती मोठा घोटाळा करणार आहे.

कॅल्क्युलेटर आणि एक्सेलमध्ये ती नीट का दिसत नाही?

एक्सेल पंधरा सार्थ अंकांपलीकडे लक्ष ठेवत नाही. एकोणीस एक टाईप करून एंटर मारा, सेलमध्ये पंधरा एक आणि चार शून्यं साठतील. आता ती दहाने भाग जाणारी संख्या झाली, मूळ वगैरे सगळं संपलं. सेलचा प्रकार आधी टेक्स्ट करून ठेवला तर अंक टिकतात, पण मग आकडेमोड होत नाही. (सोळा अंकी कार्ड नंबरांचंही एक्सेल हेच करतं. हिशेब लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.)

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी: ही संख्या ६० बिटांत मावते, म्हणजे ६४ बिटांच्या पूर्णांकात आरामात बसते. पण तिने भागून उरणाऱ्या दोन बाक्यांचा गुणाकार त्यात बसत नाही. कोड चुकतो तो इथेच. १२८ बिट वापरा, किंवा सरळ पायथन घ्या, तिथे पूर्णांकाला मर्यादा नाही.

ती मूळ आहे हे कोणी दाखवलं?

ऑस्कर हॉप यांनी, १९१६ साली. संगणक नव्हतेच. त्यापुढची, तेवीस एकांची संख्या १९२९ साली लेमर आणि क्रायचिक यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केली.

साध्या भागाकाराने तपासायचं तर किती काम?

इथे थोडं थांबू, कारण या संख्येचं खरं वैशिष्ट्य इथे दिसतं: भागाकाराने ती सापडत नाही इतकी मोठी आहे, आणि विचाराने ती कागदावर आणता येते इतकी लहान.

वर्गमूळ १,०५,४०,९२,५५३ च्या आसपास. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं म्हटलं तर त्या पाच कोटींहून जास्त आहेत. अब्जाच्या आतच ५,०८,४७,५३४ भरतात. हे सोडून द्या.

पण एकांच्या संख्येचे अवयव कुठूनही येत नाहीत. समजा एखादी मूळ संख्या ए(१९) ला भागते. मग तिने भागल्यावर दहाच्या एकोणिसाव्या घाताची बाकी १ येते. १९ मूळ आहे आणि ए(१९) ला ३ ने भाग जात नाही (अंकांची बेरीज १९), त्यामुळे दहाच्या त्याआधीच्या कोणत्याही घाताची बाकी १ असू शकत नाही. फर्माच्या छोट्या सिद्धान्तानुसार त्या भाजकातून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला १९ ने भाग जायलाच हवा. भाजक विषम आहे, म्हणून ३८ नेही. तेव्हा उमेदवार फक्त ३८ च्या पटीत १ मिळवलेल्या मूळ संख्या: १९१, २२९, ४१९, ४५७, ५७१, ६४७, ७६१ आणि पुढे. पाच कोटींवरून आपण सुमारे तीस लाखांवर आलो.

आणखी एक चाळणी आहे. १९ विषम असल्यामुळे, भाजकाच्या हिशेबात १० हा कोणत्यातरी संख्येचा वर्ग असावा लागतो, म्हणजे १० आणि एखादा वर्ग यांना भाजकाने भागल्यावर सारखीच बाकी उरावी लागते. याचा अर्थ, भाजकाला ४० ने भागल्यावर बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७ किंवा ३९ यांपैकीच असली पाहिजे. वरच्या यादीवर लावून बघा. २२९ ची बाकी २९, बाद. ४१९ ची १९, बाद. ४५७, ५७१, ६४७ सगळे बाद. १९१ नंतर थेट ७६१! निम्मे उमेदवार गेले.

१९१ तपासून टाकू. मोठी संख्या लिहायचीही गरज नाही: १ पासून सुरू करा, दहाने गुणा, १ मिळवा, १९१ ने भागून बाकी ठेवा, असं करत एकोणीस एक पुरे करा. बाक्या येतात १, ११, १११, १५६, ३३, १४०, ६४, ६८, १०८, १२६, ११५, ५, ५१, १२९, १४५, ११४, १८६, १४२, ८४. शेवटी ८४ उरले, १९१ बाद.

उरले सुमारे पंधरा लाख. मिनिटाला एक भाजक, दिवसाला आठ तास, सुट्टी नाही, तरी आठ-साडेआठ वर्षं. मास्तरकी करून हे होणं नाही.

फर्माची कसोटी लावली तर? माझ्या प्रोग्रॅममध्ये तर लगेच पास झाली.

आधार कोणता घेतला होता? १० असेल तर तो निकाल विसरा.

फर्माची कसोटी सांगते: संख्या मूळ असेल तर आधाराचा (संख्या वजा १) इतका घात काढून संख्येने भागल्यावर बाकी १ येते. आता ती बाकी १ आठवा. ए(१९) ला १९ ने भागल्यावर १ उरतो, म्हणजे ए(१९) वजा १ ला १९ ने भाग जातो. आणि दहाच्या एकोणिसाव्या घाताची बाकी मुळातच १ आहे. त्यामुळे १० या आधाराने कसोटी पास होणारच, संख्या मूळ असो वा नसो. हेच ए(५), ए(७), ए(११) यांनाही लागू. १११११ ही ४१ × २७१ असूनही १० च्या कसोटीत बिनधास्त पास होते. मूळ मोजणीच्या सगळ्या एकांच्या संख्यांत अपवाद फक्त तीन एकांचा.

दशमान पद्धतीतल्या सुंदर संख्येला दहाचाच आधार लावणं म्हणजे उमेदवारालाच परीक्षक नेमणं. आधार ३ घ्या.

मग खरी सिद्धता कशी? कागदावर होते का?

होते, आणि ही या पानावरची सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

ए(१९) मधून १ वजा करा. उरतात अठरा एक आणि शेवटी शून्य, म्हणजे १० × ए(१८). संख्या स्वतः अभेद्य, पण तिच्या अगदी मागची संख्या पूर्ण उलगडते. ए(१८) म्हणजे ए(९) गुणिले १,००,००,००,००१. त्यातल्या ए(९) चे अवयव ९ × ३७ × ३३३६६७. दुसऱ्या भागाचे ७ × ११ × १३ × ९९९००१, आणि ९९९००१ म्हणजे १९ × ५२५७९. सगळं मिळून

२ × ३ × ३ × ५ × ७ × ११ × १३ × १९ × ३७ × ५२५७९ × ३३३६६७.

शेवटच्या दोन्ही मूळ संख्या आहेत हे शाळेच्या पद्धतीने तपासता येतं. ५२५७९ साठी २२९ पर्यंतच्या ५० मूळ संख्यांनी भागायचं, ३३३६६७ साठी ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी. एका दुपारचं काम.

आता पॉकलिंग्टन यांचा १९१४ चा निकष. एक आधार घ्या, समजा ३. त्याचा (ए(१९) वजा १) वा घात काढून ए(१९) ने भागा. बाकी १ यायला हवी. मग तोच घातांक ३३३६६७ ने भागून छोटा करा, पुन्हा घात काढा, आलेल्या बाकीतून १ वजा करा आणि त्याचा ए(१९) शी मसावि काढा. तो १ यायला हवा. हेच ५२५७९ साठी. एखाद्या ठिकाणी आधार फसला तर तिथे दुसरा आधार चालतो.

एवढं जमलं तर ए(१९) च्या प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला ३३३६६७ आणि ५२५७९ या दोघांनीही भाग जातो. म्हणजे त्यांच्या गुणाकारानेही, आणि तो आहे १७,५४,३८,७७,१९३. तेव्हा प्रत्येक मूळ अवयव साडेसतरा अब्जांहून मोठा. पण ए(१९) संयुक्त असती तर एक तरी मूळ अवयव वर्गमुळाच्या आत, म्हणजे साधारण एक अब्ज पाच कोटींच्या आत असायला हवा. दोन्ही एकदम शक्य नाही. संपलं.

घात काढताना वर्ग करत जायचं, म्हणजे सुमारे साठ वर्ग आणि काही गुणाकार, तेही तीन वेळा. एकोणीस अंकी गुणाकार हाताने करायला चिकाटी लागते, पण पंधरा लाख भागाकारांपुढे हे काहीच नाही. पायथनमध्ये एंटर दाबायचा अवकाश.

१ ला या संख्येने भागलं तर?

दशांश चिन्हानंतर अठरा शून्यं, मग एक ९, आणि हेच पुन्हा पुन्हा. आवर्तनाची लांबी १९. आणि बरोबर १९ लांबीचं आवर्तन देणारी दुसरी मूळ संख्याच नाही. तशी असती तर तिने एकोणीस नवांना भागलं असतं, आणि एकोणीस नवांचे मूळ अवयव फक्त ३ आणि ए(१९). तीनचं आवर्तन एका अंकाचं. ११ (लांबी २), ३७ (लांबी ३) आणि १०१ (लांबी ४) याही अशाच एकट्या. ४१ आणि २७१ मात्र पाचची लांबी वाटून घेतात: ०.०२४३९… आणि ०.००३६९….

हे सगळं दशमान पद्धतीमुळे आहे ना? दुसऱ्या पद्धतीत एकोणीस एकांना काय अर्थ?

आक्षेप बरोबर आहे. एकांची नक्षी ही दहा बोटांची देणगी. पण संगणकाच्या द्विमान पद्धतीत एकोणीस एक लिहा: ५,२४,२८७. तीही मूळ आहे! १५८८ साली कातालदी यांनी ती तपासली होती. दोनाच्या घातातून १ वजा केलेल्या अशा मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. तेवीस एकांचं नशीब असं नाही: दशमानात मूळ, द्विमानात ४७ × १७८४८१. दशमानात मूळ ठरलेल्या एकांच्या संख्यांपैकी द्विमानातही मूळ राहणाऱ्या मोजण्या आजवर दोनच, २ आणि १९. यामागे काही खोल कारण आहे असं मी म्हणणार नाही. योगायोग आहे, पण देखणा.

जगातली सगळ्यात मोठी मूळ संख्या हीच का?

नाही हो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मर्सेन मूळ संख्या, म्हणजे दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, ४,१०,२४,३२० अंकी आहे. तिच्यापुढे आपली एकोणीस अंकी म्हणजे काहीच नाही. या आकाराच्या मूळ संख्या दुर्मीळही नाहीत. इथे आजूबाजूच्या सरासरी एकेचाळीस-बेचाळीस संख्यांत एक तरी मूळ सापडते.

बँकेच्या सुरक्षेसाठी वापरतात का?

नाही. आरएसए ही माहिती गुप्त ठेवण्याची पद्धत. तिच्या २०४८ बिटांच्या चावीला तीनशेहून जास्त अंकांच्या दोन मूळ संख्या लागतात. शिवाय सगळ्यांना तोंडपाठ असलेली संख्या गुप्त चावीत कोण घालेल?

उपयोग काय मग?

आपला प्रोग्रॅम मोठे पूर्णांक नीट हाताळतो का ते तपासायला उत्तम. वर सांगितलेले फर्माचे आणि एक्सेलचे दोन्ही सापळे एकाच संख्येत मिळतात. त्याहून जास्त उपयोग विचाराल तर कापरेकरांनाही आयुष्यभर हाच प्रश्न विचारला गेला असणार.

शुभ आहे का? गाडीच्या नंबरासाठी?

गाडीच्या नंबराला चारच अंक मिळतात, आणि ११११ म्हणजे ११ × १०१.

अशा आणखी किती आहेत?

२, १९ आणि २३ नंतर मोजणी एकदम ३१७ वर जाते (सिद्धता १९७० च्या दशकात, विल्यम्स), मग १०३१ (विल्यम्स आणि डबनर, १९८६). ४९,०८१ एकांची सिद्धता २०२२ साली झाली, ८६,४५३ एकांची २०२३ साली. २०२१ मध्ये ५७,९४,७७७ आणि ८१,७७,२०७ एकांच्या संख्या सापडल्या, पण त्या ‘संभाव्य मूळ’ म्हणून: कसोट्या पास, सिद्धता नाही. अशा संख्या अनंत आहेत असा अंदाज आहे. ते कोणीही सिद्ध केलेलं नाही.

तेवीस एकांसाठी हीच युक्ती चालेल?

चालते, आणि पुढच्या बैठकीचा गृहपाठ हाच. ए(२३) वजा १ म्हणजे १० × ए(२२), आणि ए(२२) चे अवयव आहेत ११ × ११ × २३ × ४०९३ × ८७७९ × २१६४९ × ५१३२३९. शेवटचे दोघे कुठेतरी पाहिल्यासारखे वाटतील: ते अकरा एकांचे अवयव. त्या दोघांचाच गुणाकार वर्गमुळाला पुरत नाही, साधारण दहापट कमी पडतो, म्हणून आणखी एखाद्या अवयवाला, समजा ८७७९ ला, कामाला लावावं लागेल. ही संख्या ६४ बिटांत मावत नाही, तेव्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आधी तेवढं पाहून घ्यावं. हाताने करणाऱ्यांनी चौकटीची वही आणावी.